आई दोन ओळींच्या पुढे गायली तो दिवस

बाबा,

तुम्ही आईला कधी एक गाणं पूर्ण करू दिलं नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर मी मऊ पडेन. तुमची खाकी पिशवी, तिच्यातली पक्कड, सोल्डरचा वास, उन्हातून आल्यावर माठापाशी उभ्यानेच तुम्ही प्यायचात ते पाणी, असं काहीबाही आठवत बसेन आणि राग तसाच राहून जाईल. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण ते सगळं श्राद्धाच्या दिवशी बोलतात तसं, धुऊन-पुसून. आज तसं बोलायचं नाही.

चिखलीत आपली साऊंड सर्व्हिस होती. दोन अॅम्प्लिफायर, सहा कर्णे, तीन माइक आणि वायरींची वेटोळी. लग्नं, सप्ताह, सभा, शाळांची गॅदरिंगं. लोक म्हणायचे, या माणसाचा आवाज काचेसारखा असतो, आणि तुम्ही खाली मान घालून हसायचात. त्या काचेसारख्या आवाजाचं गुपित आई होती, हे किती जणांना ठाऊक होतं? ‘हालो, हालो’ म्हणून माइकची परीक्षा होत नाही, आवाज चढला-उतरला पाहिजे, लांबला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. तुमच्या स्वतःच्या गळ्यात काहीच नव्हतं. म्हणून जवळपासचा कार्यक्रम असला की तुम्ही आईला सोबत न्यायचात. मांडव रिकामा असायचा, सतरंज्या अजून गुंडाळलेल्या. ती डोक्यावरचा पदर सावरत माइकपुढे उभी राहायची आणि दोन ओळी म्हणायची. तुम्ही बटणं फिरवायचात, कान एका बाजूला करून, डोळे बारीक करून. तुम्ही गाणं ऐकत नव्हता. गाण्यात कुठे खरखर आहे, कुठे शिट्टी वाजते आहे, तेवढंच तुम्हाला ऐकू येत होतं. ते मिटलं की हात वर करून तुम्ही म्हणायचात, “बस. पुरे.” आणि ती तिसऱ्या ओळीसाठी घेतलेला श्वास तसाच सोडून खाली उतरायची. मी लहानपणापासून ते पाहत आले होते. आईची सगळी गाणी मला दोन-दोन ओळींचीच येत होती. माझा समज असा होता की ती तेवढीच असतात.

घरीही तेच. ती भाकरी थापताना काही गुणगुणायला लागली की तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडायचात, “थांब वं जरा, हम ऐकून राह्यलो मी!” दुरुस्तीला उघडलेल्या यंत्रातली ती बारीक घूं-घूं शोधायला तुम्हाला घर शांत लागायचं. आई गप्प बसायची. तव्यावर भाकरी फुगायची तिचासुद्धा आवाज यायचा, इतकं आपलं घर शांत असायचं. आवाजाचा धंदा करणाऱ्याचं घर!

आणि मला तुम्ही बुलढाण्याला सिस्टरांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलंत. तिथे रोज सकाळी चॅपेलमध्ये गाणं असायचं आणि त्याचं शेवटचं कडवं झाल्याशिवाय कुणाला जागचं हलता यायचं नाही. आमच्या म्हाताऱ्या संगीताच्या सिस्टर पायपेटी वाजवायच्या. एकदा घंटा झाली म्हणून आम्ही मुलींनी तिसऱ्याच कडव्याला पुस्तकं मिटली, तर त्यांनी आम्हाला तसंच उभं ठेवून सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. माणसाशी बोलता बोलता पाठ फिरवता का, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा आईची आठवण आली, माइकपुढे तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी असलेली. पण सुट्टीत घरी आल्यावर हे मी कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. सांगण्यापेक्षा लाजण्याकडे माझा कल जास्त होता. आईचं ‘हो’ला ‘हाव’, ‘का’ला ‘काऊन’, तिचं जमिनीवर फतकल घालून बसणं, सगळ्याचीच मला लाज वाटायची.

त्या उन्हाळ्यात उंद्रीला देवळाचं कलशारोहण होतं. सकाळी काल्याचं कीर्तन, मग पंगत, आणि दुपारी चारला एका मोठ्या गवयांचा कार्यक्रम. अशा गवयांना आवाज द्यायची तुमची पहिलीच वेळ. तुम्ही दोन दिवस आधीपासून जेवत नव्हता नीट. नवा टेप घेतला होता, अॅम्प्लिफायरमधून वायर काढून त्यावर सगळा कार्यक्रम उतरवायचा होता. मी सोबत आले ती केवळ घरी एकटी कशी राहणार म्हणून. खाकी कव्हर घातलेली इंग्रजी कादंबरी घेऊन मी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन लोक सावलीला आडवे झाले होते. पंख्याचं नाव नाही. बाया पदराने वारा घेत होत्या.

साडेतीनला तुम्ही आईला खूण केलीत. ती उठली, माइकपुढे उभी राहिली, दोन ओळी म्हणाली. तुम्ही बटण फिरवलंत आणि हात वर केलात. तेवढ्यात राजदूत मोटारसायकलवर कुणीतरी निरोप घेऊन आलं की गवयांची गाडी खामगावच्या पुढे बंद पडली आहे, दुरुस्त व्हायला तास-दोन तास लागतील. मंडळी उठून बसली. कुरकुर सुरू झाली. आई खाली उतरत होती, तर पुढे बसलेली एक बाई म्हणाली, “काऊन थांबली वं? म्हन ना पुढं.”

आईने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही त्या बाईला म्हणालात, “हे टेस्टिंग होतं बाई. कार्यक्रम नोहे.”

मागून एक म्हातारा ओरडला, “मंग आमाले टेस्टिंगच पायजे! तुमी बसा ना बाप्पा चुपचाप, बाईले म्हनू द्या!”

सगळा मांडव हसला. मीही हसले असेन, पण माझे कान तापले होते. मला वाटलं, आता आईची फजिती होणार, आणि हे सगळं मला पाहावं लागणार. मी पुस्तक तोंडापुढे धरलं. आई पुन्हा वर चढली. माइक तिच्या उंचीपेक्षा थोडा वर होता, तो तुम्ही येऊन खाली केलात. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मग तिसरी.

बाबा, मी त्यानंतर पुष्कळ ऐकलं. अमरावतीला शिकत असताना, नागपूरला नोकरीत असताना, मोठमोठ्या सभागृहांत, मोठमोठ्या नावांचं. तिकिटासाठी उन्हात उभी राहिले. एकदा तर ताप असताना गेले. पण कुणी मला विचारलं की तू ऐकलेली सर्वांत सुंदर मैफल कोणती, तर उंद्रीच्या त्या मांडवाखेरीज दुसरं काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. ती तिसरी ओळ ऐकताना मी पुस्तक खाली ठेवलं. ते गाणं मी शंभर वेळा दोन ओळींपर्यंत ऐकलं होतं, आणि त्याला पुढे असा रस्ता आहे, तो वर चढतो, वळतो, हे मला माहीतच नव्हतं. आपल्या घराच्या मागच्या भिंतीला एक दार असावं आणि पंधरा वर्षं कुणी सांगू नये, तसं झालं.

सप्ताहातले मृदंगवाले बुवा विडी विझवून येऊन बसले. तिच्यामागे हळूहळू वाजवू लागले. ती गवळण म्हणाली, भजनं म्हणाली, भुलाबाईची गाणी म्हणाली तेव्हा बायांनी टाळ्यांवर धरून घेतलं. कुणीतरी म्हटलं, “तिले पानी द्या रे!” ती तांब्या तोंडाला लावून प्यायली आणि हाताने तोंड पुसून पुन्हा सुरू झाली. मग तिने माहेरची, सुलतानपूरची, तिच्या वडिलांची मोटेवरची गाणी काढली. मोट विहिरीत उतरते तेव्हाची ओळ वेगळी, बैल धावेवरून चालतात तेव्हाची वेगळी, आणि मोट वर येऊन रिकामी होते तेवढा वेळ गाणारा थांबतो. आई तशीच थांबली. सगळं पाणी थारोळ्यात पडून पाटाला लागेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबली. अख्खा मांडव तिच्याबरोबर थांबला. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या, त्यांना ते पाणी दिसत असणार. आणि तुम्ही? माइक बंद पडला असं वाटून तुम्ही धावत जाऊन वायर हलवून पाहिलीत. मला तुमचा तेव्हाचा चेहरा अजून दिसतो, घामेजलेला, घाबरलेला. मला तुमची किती कीव आली होती आणि किती राग.

दीड तास ती गायली. मध्ये तुम्ही कॅसेट उलटवलीत. टेप तुम्ही गवयांसाठी लावला होता, तो आपला चालूच राहिला होता. मग मांडवाबाहेर गाडीचा आवाज आला, मंडळी उठली, देवस्थानच्या माणसाने तुम्हाला लांबून हाताने खूण केली. आई तेव्हा एका गाण्याच्या मधोमध होती. तिला तो हात दिसला नव्हता, तिचे डोळे मिटलेले होते. तुम्ही तिला हाक मारू शकला असता. ओळ संपेपर्यंत थांबू शकला असता. तुम्ही बटण धरलंत आणि आवाज खाली आणत आणत बंद केलात. मागे बसलेल्या लोकांना तिचे नुसते हलणारे ओठ दिसले. पुढच्या चार रांगांतल्या बायांना मात्र ती ऐकू येत होती. तिने डोळे उघडले, तुमच्याकडे पाहिलं, आणि माइकवाचून ते कडवं पूर्ण केलं. मग पदर सावरला आणि खाली आली. गवयांचा कार्यक्रम छान झाला असं सगळे म्हणाले. मला त्यातलं एकही अक्षर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेप आणून ठेवलात आणि ती कॅसेट लावलीत. तुमचं हे मला कबूल करावंच लागेल, तुम्ही स्वतःहून लावलीत. आई चुलीपुढे बसली होती, पिठाचे हात तसेच वर धरून ऐकत राहिली. “हे मी हाय?” तिने विचारलं. मग म्हणाली, “एवढ्या मोठ्यानं म्हन्तो का वं मी?” आणि हसायलाच लागली, थांबेचना. भाकरी करपली. ‘खरखर नाही कुटीच’ असंसुद्धा तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणजे त्या दिवशी तुम्ही बहुधा गाणंच ऐकलंत. ती बाजू संपल्यावर आई म्हणाली, “हे ठेवजा बरं. पुसजा नोका.” आईने तुमच्याकडे काही मागितलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

आणि आठ दिवसांत ती कॅसेट पुसली गेली.

कशी, ते आपल्या दोघांना माहीत आहे. आईला कसं कळलं ते आधी लिहिते. सोमवारच्या बाजाराला आलेल्या उंद्रीच्या तीन बाया आपल्या दारात आल्या, घाम पुसत, डोक्यावरच्या टोपल्या उतरवत. “त्या दिसचं गानं लावा ना बाई, ऐकू द्या एक डाव.” आई लाजली, पण तिला केवढा आनंद झाला होता. तिने हात धुतले, पदराला पुसले, टेपचं बटण कसं दाबायचं ते मला विचारून स्वतः दाबलं. आणि तुमचा आवाज आला. तो तुमचा अनाउन्समेंटचा खास शुद्ध आवाज: “चिखलीकर बंधू-भगिनींनो! लग्नसराईनिमित्त साड्यांचा भव्य सेल!” बाया एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मग खो-खो हसल्या. एक म्हणाली, “अवं माय, हे तं साड्या इकून राह्यली!” आईने कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही साड्या. गावभर अनाउन्समेंट फिरवणाऱ्या रिक्षावाल्याला परत परत गुंडाळायला लागू नये म्हणून तुम्ही एकच अनाउन्समेंट दोन्ही बाजू भरून उतरवायचात. तुमची कामाची पद्धतच तशी होती. एक मिनिटभरही कोरं सोडायचं नाही.

तुम्ही तेवढ्यात दारात आलात, खांद्यावर वायरीचं वेटोळं. आईने विचारलं, “कोनं पुसलं हे?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार थोडा वेळ. मग म्हणालात, “माह्या हातून झालं. घाई होती.”

“म्या सांगतलं होतं तुम्हाले.”

“हाव.”

“मंग?”

“ध्यान नाही राह्यलं.”

आईने टेप बंद केला आणि बायांसाठी चहा टाकला. भांडली नाही. पुढच्या लग्नाच्या वेळी तुम्ही नेहमीसारखं तिला चल म्हणालात, तर ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “आता तुमीच म्हना हालो-हालो.” त्यानंतर ती कुठल्याही माइकपुढे उभी राहिली नाही. स्वयंपाकघरातसुद्धा मी तिचं गुणगुणणं पुन्हा ऐकलं नाही. तुम्हाला हम शोधायला आयती शांतता मिळाली. चार वर्षांनी ती काविळीने गेली. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते. भेटायला आलेल्या बायांमध्ये उंद्रीची एक होती. ती तुम्हाला म्हणाली, “तिचं गानं ठेवलं असन ना दादा तुमी कुटी? तुमाले तं टेप होता.” तुम्ही म्हणालात, “नाही बाई. माह्या हातून पुसलं गेलं.” दुसऱ्यांदा. मी तिथेच उभी होते, चहाचा ट्रे धरून. त्या बाईने तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पाहिली. तुम्ही तीही घेतलीत आणि कपात साखर ढवळत बसलात.

याचा मला राग आहे, बाबा. पुसल्याचा आहेच, पण याचा त्याहून जास्त आहे. तुम्ही मला मागच्या खोलीत नेऊन एक थोबाडीत का नाही मारलीत? सिस्टर पट्टीने हातावर मारायच्या आणि मग विषय संपायचा, जेवायला जाताना त्याच आमचं डोकं कुरवाळायच्या. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. सुट्टी संपल्यावर वसतिगृहात सोडायला आलात, तेव्हा एसटी स्टँडवर मी ‘बाबा, ते’ एवढं म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, “गाडी लागली. खिडकी धर.” मी खिडकी धरली. तुम्ही मला त्यातून सोडवलंत असं तुम्हाला वाटलं असेल. मी तिथेच बसून राहिले. आई तुमच्यावर रुसून गेली आणि तिला खरं माहीत नव्हतं. तिने ज्याच्यावर रुसायला हवं होतं ती तिची मुलगी होती, आणि ती मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत होती.

तर आता कॅसेट पुसली गेली ती दुपार लिहिते. मी बाहेरच्या खोलीत खाटेवर पडले आहे. तीच कादंबरी, शेवटची चाळीस पानं. कापड दुकानाचा माणूस दारात उभा आहे, त्याला संध्याकाळपर्यंत सेलची अनाउन्समेंट फिरवायला हवी. तुम्ही खण उपसता आहात. तुमच्या सगळ्या कॅसेटींवर मी माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात इंग्रजीत नावं लिहिली होती. तुम्ही मराठी सातवी शिकलेले, तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला खण उघडून दाखवायचात, पोरीनं लिहिलं म्हणून. आणि मग प्रत्येक वेळी मला विचारायचात, हे कोणती, ते कोणती. आईच्या कॅसेटवर मात्र मी अजून काही लिहिलं नव्हतं. चांगलं इंग्रजी नाव सुचलं की लिहू, म्हणून राहिलं होतं. ती हातात घेऊन तुम्ही मला विचारता, “हे रिकामी हाय का वं?”

मी पुस्तकातून मान वर केली नाही. “हाव,” म्हटलं.

कोरी असली तरी दोन सेकंद वाजवून पाहायची, ही तुमची सवय होती. मी कितीदा पाहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही वाजवून पाहिली नाहीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. एवढा कानांचा माणूस, आणि ऐन वेळी कान सोडून पोरीच्या इंग्रजीवर विसंबलात! याचाही मला राग आहे, आणि हा राग किती अन्यायाचा आहे ते मला कळतं, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडू नये, शाळेत तीस वर्षं मुलींना हेच तर शिकवलं मी. पण कळून तो कमी होत नाही.

गेल्या महिन्यात इथल्या वाचनालयाने बायकांचा एक कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येकीने आपण ऐकलेल्या सर्वोत्तम मैफलीविषयी बोलायचं. मी उंद्रीचा मांडव सांगितला. म्हातारा सांगितला, त्याला टेस्टिंगच पाहिजे होतं तो. मोटेची ओळ सांगितली. तुम्ही धावत जाऊन वायर हलवलीत ते सांगितलं, तेव्हा लोक हसले. मग कॅसेटचं सांगितलं. “आणि आमच्या बाबांनी त्यावर साड्यांचा सेल उतरवला,” म्हटलं. केवढा हशा झाला. मागे उभा असलेला तिथला साऊंडवाला स्वतःच म्हणाला, “आमचं असंच असते मॅडम!” टाळ्या पडल्या. मी हात जोडून खाली उतरले. मी ही गोष्ट आजवर अशीच सांगत आले आहे. नवऱ्याला लग्नानंतर सांगितली ती अशीच, मुलांना अशीच. तुम्ही जिवंत असतानाही एकदा तुमच्या देखत सांगितली होती, जावयांच्या पंगतीत, आणि तुम्ही खाली मान घालून हसलात, लोक आवाजाची तारीफ करायचे तेव्हा हसायचात तसेच.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही वडिलांना माफ केलं का हो?” मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “केव्हाच केलं बेटा.” घरी आले, बूट काढले, आणि तेव्हापासून मला तुमचा इतका राग येतो आहे की तीन आठवडे झाले, स्वयंपाक करताना हातातलं भांडं आपटलं जातं. तुम्ही एकदा, एकदाच आईसमोर म्हटलं असतं, ‘पोरीनं सांगतलं मले रिकामी हाय म्हनून’, तर काय झालं असतं? ती मला बोलली असती. दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. आणि मग कदाचित एखाद्या सकाळी तुम्ही टेप लावून तिला म्हणाला असता की म्हण पुन्हा, आणि ती तुमच्यासाठी म्हणाली असती. तिचं गाणं कॅसेटमध्ये थोडंच होतं, ते तिच्या गळ्यात होतं, अजून चार वर्षं होतं. तुम्ही माझ्यासाठी ते चार वर्षांचं गाणं देऊन टाकलंत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

पण मी तरी कधी सांगितलं होतं. तोंड मलाही होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत मी सहा रात्री तिच्या उशाशी होते. ती जागी असायची. मला सांगता आलं असतं, आणि मी तिला मोसंबीचा रस पाजत राहिले.

वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी सगळ्यांकडून आपापली आठवण लिहून मागितली होती. माझा लेख मी लगेच लिहून दिला, बोलले होते तसाच. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा कुठेतरी मनात होतं की हे लिहून झालं की त्या लेखातला तेवढा भाग बदलून घेऊ, तीन-चार वाक्यांचं तर काम आहे. आज सकाळी तिथल्या मुलीचा फोन आला. “मॅडम, छापायला द्यायच्या आधी तुमच्या लेखात काही बदल आहे का?” हे कागद तेव्हा माझ्या हातातच होते. त्या लेखात कॅसेट तुम्हीच पुसली आहे, घाईत. मी तिला म्हटलं, नाही, तसाच जाऊ दे.